सगळ्यात वरची रेघ

वाइनच्या जुन्या कोठाराच्या कोपऱ्यावर दगडात आडव्या रेघा कोरलेल्या आहेत. नदीला पूर येऊन गेला, की गावचा पाथरवट येतो आणि पाणी जिथवर चढलं होतं तिथं एक रेघ मारून जातो. पाहुण्यांना गाव दाखवत फिरणारी गाईडबाई रोज तिथं थांबते. किल्ला, दगडी पूल, टेकडीवरचे द्राक्षमळे ती भराभर उरकते. कारण लोक खरे येतात ते सगळ्यात वरच्या रेघेची गोष्ट ऐकायला.

त्या पुरात कोठारातला एक कामगार पिंपं वर काढायला तळघरात उतरला, तो वर आलाच नाही. हा कामगार म्हणजे तिचा नवरा, हे मात्र ती सांगत नसे. पोट भरायचं तर रोज कोण रडत बसणार? पुढे एका पाहुणीनं विचारलं, घरून निघताना काही बोलला होता का हो तो? गाईडबाईनं सांगितलं काहीतरी. दुसऱ्या खेपेला तेच जरा बरं करून सांगितलं. बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात. हिनं तर बोरं रोज पुसून चकचकीत केली. कुठल्या शब्दाला माणसं गप्प होतात, कुठं रुमाल निघतात, ते तिला कळत गेलं आणि शेवटी वाक्य ठरलं ते असं: “या नदीनं मला लहानाचा मोठा केलाय. ती मला कशी बुडवेल?”

नवरा बिचारा जन्मात इतकं नीटस बोलला नव्हता. त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे गंजलेला नळ सोडण्यासारखं काम.

पूर आला तेव्हा लेक पाळण्यात होती. आता ती नोकरीसाठी दूरच्या शहरात निघाली होती. आदल्या संध्याकाळी बॅग भरता भरता तिनं विचारलं, “आई, बाबा त्या दिवशी निघताना काय म्हणाले होते गं?”

गाईडबाईनं सवयीनं ते वाक्य म्हटलं.

“ते पाहुण्यांचं झालं. तुला काय म्हणाले?”

गाईडबाईनं तोंड उघडलं आणि ती थबकली. त्याचा निळा सदरा आठवला, त्याचं बटण तिनंच लावलं होतं. दारात वाकून बूट चढवताना दिसलेली पाठ आठवली. मग तो वळला, ओठ हलले, आणि आलं ते तेच वाक्य, तिच्याच आवाजात, कोपऱ्यावर म्हणते त्याच चालीत. तिनं भांडी घासली, कपड्यांच्या घड्या केल्या, दारात जाऊन उभी राहिली. काहीतरी साधंच होतं. दाराच्या कडीबद्दल, नाहीतर पोरीच्या खोकल्याबद्दल. आठवेना म्हणजे आठवेना. एकदा नदीनं नवरा नेला होता. जेवढा उरला होता तेवढा तिनं स्वतःच्या हातानं वाटून टाकला होता.

“नाही गं आठवत,” ती म्हणाली. घडी घातलेला स्वेटर लेकीनं उलगडला आणि पुन्हा घडी घातली.

दुसऱ्या दिवशी बस दुपारची होती, म्हणून लेकही घोळक्याच्या मागे मागे आली. कोपऱ्यावर गाईडबाई थांबली. आज ती नेहमीच्या आवाजात बोलली नाही.

“या पुरात माझा नवरा गेला,” ती म्हणाली. “निघताना काय म्हणाला होता, ते मी विसरले.”

माणसं चुळबुळली. त्यांच्यात एक म्हातारे गृहस्थ होते. पूर्वी एकदा येऊन गेलेले, या खेपेला मुद्दाम बायकोला घेऊन आलेले. बाईंची पंचाईत झालेली पाहून ते मदतीला धावले.

“माझ्या आहे ना लक्षात,” ते म्हणाले. मग त्यांनी ते वाक्य अख्खं म्हणून दाखवलं, काना-मात्रेचाही फरक नाही. त्यांच्या बायकोनं रुमाल काढला.

गाईडबाईनं मागे पाहिलं. लेक तिच्याकडेच बघत होती.

“हो,” गाईडबाई म्हणाली. “असंच म्हणाला होता. चला, पुढच्या पायऱ्या ओल्या आहेत. जपून या.”