गोलपुढची हिरवळ

वेंडेलिन कुबालिक आमच्या कागद कारखान्याच्या फुटबॉल क्लबचं मैदान राखायचा. मी अकरा वर्षं त्याच्या हाताखाली होतो. अर्धवट काम त्याला खपत नसे.

दर जूनमध्ये लीग संपली की दुसऱ्याच दिवशी तो दोन्ही गोलांपुढची माती खणून बी पेरायचा. कुणाला विचारायचा नाही. त्या वर्षीही पेरलं, आणि आठवड्याने पत्र आलं. क्लब इंटरटोटोत. ही स्पर्धा आता बंद झाली. उन्हाळ्यात लीग थांबते, तेव्हा पैजेच्या कुपनांवर छापायला सामने हवेत, म्हणून ती चालायची. आम्ही त्यात कधीच नव्हतो. पहिला सामना एक जुलैला, आमच्याच मैदानावर, जर्मनांशी.

"कॉम्रेड अध्यक्ष, कोंब बोटाच्या पेराएवढे आहेत. सहा आठवडे लागतात," वेंडेलिन म्हणाला.

"पेरण्याआधी विचारायला तोंड नव्हतं? पंचाने मैदान नापास केलं, तर सोमवारपासून तू लगद्याच्या हौदावर."

हौदावर वेंडेलिनने बारा वर्षं काढली होती. छाती अजून वाजायची.

बुधवारी आम्ही त्याच्या बागेतली हिरवळ कापली. हातभर रुंद, चार बोटं जाड चौकोन. बायको ल्युडमिला दारात उभी.

"कापा, कापा. मलाही न्या गुंडाळून. वीस वर्षं मीही इथेच मुळं धरून आहे."

तो हसला नाही. मैदानावरचे कोंब खरवडून काढले, चौकोन बसवले, धुमसाने ठोकले. मूळ धरायला पंधरा दिवस लागतात. आमच्याकडे तीन होते.

शनिवारी सामन्याआधी पंचाने सांध्यावर टाच दाबली. पुन्हा दाबली. वेंडेलिन खोकला गिळून उभा. पंच मान हलवून पुढे गेला.

सत्तराव्या मिनिटाला जर्मनांचा एक गडी गोलपुढे घसरला आणि एक चौकोन सतरंजीसारखा दुमडला. शिट्टी वाजली. वेंडेलिन धुमस घेऊन धावला.

"अरे, घरी नेतोस की काय ती?" प्रेक्षकांतून कुणी ओरडलं. सगळे हसले.

त्याने चौकोन बसवला. चार ठोके. कडा पायाने दाबल्या. पुन्हा चार.

"पुरे!" पंच घड्याळ बघत म्हणाला.

"अजून दोन." आणि दोन मारलेच.

सामना बरोबरीत सुटला. अध्यक्षांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "निभावलंस बघ!"

वेंडेलिनने वाकून एका चौकोनाचा कोपरा उचलला. सहज हातात आला. खाली एकही मूळ नव्हतं. पुढचा घरचा सामना चौदा दिवसांनी होता.

"पाणी सोड," तो मला म्हणाला.