दानीकाकांना न सापडलेला क्रूस

बाकी सगळं बाजूला ठेवा, मला हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. कालच सलालाहहून परत आलेय, बॅगसुद्धा अजून उघडली नाहीये.

दानीकाका गेल्याचा आईचा फोन आला तेव्हा मी मस्कतला, अल अमेरातच्या माझ्या फ्लॅटवर कपडे वाळत घालत होते. हातातली चादर तशीच राहिली... काका म्हणजे सलालाहला आमच्या समोरच्या फ्लॅटमधले. मूळचे नगरचे, इथे ओमानला पोर्टवर क्रेन चालवायचे. रक्ताचं नातं काहीच नाही, पण माझं मराठी टिकलं ते त्यांच्यामुळे. मी शाळेतलं इंग्लिश फाडायला लागले की म्हणायचे, "यल्ला, आता हेच मराठीत सांग!" काकूंनी त्यांना नगरला नेलं, तिथेच दफन झालं.

काकांचं वेड एकच, सलालाहजवळचं सुमहुराम. खरीफमध्ये, म्हणजे इथल्या पावसाळ्यात, अख्खं जग आमच्याकडे धुकं आणि धबधबे बघायला येतं, आणि काका पाहुण्यांना गाडीत कोंबून थेट त्या पडक्या शहरात न्यायचे. खाली खाडी, तिच्या काठाला उंट, पलीकडे समुद्र आणि वर टेकाडावर नुसत्या भिंती. एके काळी इथून ऊद जहाजांत भरला जायचा, पार रोमपर्यंत. मग पाचव्या शतकाच्या आसपास शहर ओस पडलं. "येशूबाळाला आणलेला ऊद इथला कशावरून नसेल?" काका म्हणायचे. आणि लगेच स्वतःच, "पण असेल तरी कशावरून?" त्यांना त्या बंदरात आपली माणसं, म्हणजे अगदी सुरुवातीचे ख्रिस्ती, राहून गेल्याची एक खूण हवी होती. एखादा क्रूस. दर खेपेला वाकून वाकून दगड बघायचे. नाही मिळाला.

एकदा त्यांनी तिथल्या वेशीतल्या शिलालेखाचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. त्यात फुलीसारखी एक खूण आहे. झालं! नगरहून धडाधड "आमेन", "हालेलुया". काका बिचारे टाइप करतायत, "अरे, ते त्यांच्या लिपीतलं अक्षर आहे, 'त'." पण हात जोडलेल्या इमोजींच्या पुरात कोण वाचतंय!

आता काकू घर आवरायला परत आल्या होत्या, म्हणून मी मदतीला गेले. खोकी भरतोय तोवर नगरहून त्यांच्या दिरांचा, प्रकाशकाकांचा फोन. कबरीचा दगड घडवायचाय. त्यावर तोच फोटो कोरायचा आणि खाली लिहायचं, 'ओमानच्या प्राचीन नगरीत क्रूस शोधून काढणारे'. चर्चमध्ये सगळ्यांना सांगूनसुद्धा टाकलंय म्हणे.

फोन ठेवून काकू एका खोक्यावर टेकल्या. मग म्हणाल्या, "भाऊ गेलाय गं त्यांचा, तेवढाच आधार वाटतोय त्यांना. कसं मोडू मन? आणि मला तरी काय माहितीय? मी कधी गेलेच नाही त्या उन्हात." थोड्या वेळानं उठल्या. "चल, दाखव मला."

वेशीत उभं राहून त्यांनी चष्मा पुसला. "फुलीच की ही."

"काकू, खालची ओळ बघा."

"इथे पण आहे... आणि ही बघ, अजून एक." आणि एकदम हसल्या, गेल्या कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा. "एवढे क्रूस एका भिंतीवर कोण कोरेल गं!" तिथूनच फोन लावला, स्पीकरवर.

"भाऊजी, तो क्रूस नाहीये. अक्षर आहे. मी त्याच्यासमोर उभी आहे."

"वहिनी, नगरहून कोण येणारे तपासायला?"

"कुणी नाही येणार. पण ते तुमच्या दादांच्या डोक्यावर राहील ना कायमचं. त्यांनी खोटं बोलून एक रजासुद्धा घेतली नव्हती हो."

प्रकाशकाकांचा आवाज एकदम बारीक झाला. "पण मी चर्चमध्ये सांगितलंय, वहिनी."

"मग मी आले की आपण दोघं मिळून सांगू. क्रूस हवाच दगडावर, पण आपला, रोजचा. उसना नको. आणि खाली नुसतं नाव."

"...बरं. नुसतं नाव."

संध्याकाळपर्यंत घर रिकामं झालं. राहिलं फक्त फ्रिजचं दार. त्यावर काकांनी काढलेले सुमहुरामचे फोटो, प्रत्येकाखाली मार्करनं लिहिलेलं, 'गोदाम, बहुतेक', 'देऊळ, बहुतेक', 'जिना, बहुतेक'. मधोमध एक काकूंचा, ताका गावाच्या किनाऱ्यावर, सुकत घातलेल्या मासळीच्या वासानं नाक दाबलेला. त्याच्याखाली 'सुमन'. तिथे मात्र 'बहुतेक' नाही. काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "हे दार आज राहू दे."

तुमच्याकडे झालंय का हो असं? माणूस गेल्यावर घरच्यांनी मायेनं त्याला होता त्याहून मोठं केलं, आणि मग कुणाला तरी सांगावं लागलं, की तो होता तेवढाच आम्हाला हवाय?