पेटीतली अंडी आन् पेटीतला म्हातारा

आमचा म्हातारा एकटा मेला न्हाई.
पेटीतली समदी पिल्लं संगं घेऊन मेला.

आज वर्ष झालं. सून खिरीच्या तयारीला लागलीय, मी नातीच्या मोबाइलपुढं बसलेय. मी सांगून राह्यले, ती टाइप करून राह्यली. मला अक्षर येत न्हाई, पण जिभेचं काम कधी अडलं न्हाई. म्हाताऱ्याला इचारा.

लोक रिटायर झाले की देवाच्या नादी लागतात. आमचे हे अंड्यांच्या नादी लागले.

थर्माकोलची पेटी, आत बल्ब, एक थर्मामीटर. समदं मोबाइलवर पाहून केलं. जाफराबादच्या बाजारातून गावरान अंडी आणली आन् पुढच्या खोलीत मशीन चालू.

मी म्हणलं, "अवो, एखादी खुडूक कोंबडी बसवा ना. तिला बटन लागत न्हाई."

"कोंबडीचा भरोसा न्हाई. मधीच उठून जाती."

पहिल्याच खेपेला लाइट गेली. अंडी गारठली, नासली, घरभर वास.
मी म्हणलं, "उदबत्ती लावते. शेजारी इचारायला आले तर कोण गेलं म्हणून सांगू?"

मंग इन्व्हर्टर आला.

तरी फेल. पिल्लं आतल्या आत मेली. कवचाखालचा पापुद्रा सुकून कागद झाल्ता, पिल्लू त्यात आवळलेलं. आपल्याकडची हवा कोरडी ठाक, आन् हे पाण्याची वाटी ठेवायचंच इसरले.

वाटी ठेवली तर तिच्या पुढची गंमत. अंड्याला आतून चोच मारली, भोक पडलं. आता माणसानं गप बसावं का न्हाई? पण ह्यांच्या हाताला खाज. घडीघडी झाकण उघडायचे, आतली वाफ भुर्र. एका पिल्लाला तर बोटानं सोलून भाईर काढलं. रगत आलं. त्यानं मान टाकली.

"मी मदत करत होतो गं."

"माझ्या चार बाळंतपणात ही मदत कुठं गेल्ती? बरं झालं तवा ड्युटीवर होता. म्हणून लेकरं जगली."

हसले न्हाईत. खाली बसून मेलेलं एकेक अंडं फोडत राह्यले. कुठपर्यंत वाढलं, कुठं थांबलं.
"फोडून पाह्यल्याबिगर चूक कळत न्हाई," म्हणायचे. मढी चिरणारा डॉक्टर परवडला.

गाव इचारायचं, "काय दादा, बसले का अंड्यावर?"

आमच्या जावयानं तर भर पंगतीत म्हणलं, "मामा, पिल्लं राहू द्या, आमलेट तरी खाऊ घाला."
समदे हसले. मी बी हसले. चांगलीच हसले.

त्या दिवशी म्हातारा जेवला न्हाई. मला म्हणला, "एक पिल्लू चालताना दिसू दे. एकच. मंग पेटी मोडून चुलीत घालतो."

शेवटच्या खेपेला काय काय केलं! अंड्याच्या एका अंगाला पेन्सिलनं फुली, दुसऱ्या अंगाला गोल. फिरवताना चुकू नये म्हणून. पाण्याची वाटी बराबर. आन् निघायचे दिवस जवळ आले तसं झाकण सुतळीनं बांधलं. गाठ मला मारायला लावली.

"मी मागितलं तरी सोडू नको."

"आन् रडला तर?"

"रडलो तरी."

मंग नुसता कान लावून बसायचा. एक दिवस लहान लेकरावाणी वरडला, "अगं ये, आतून टकटक करून राह्यलंय!"

त्याच दुपारी पेटीशेजारीच कलंडला.

लेक पुण्याहून यायचा होता. मयत ठेवायला ती काचेची गार पेटी आणली. पुढच्या खोलीत प्लग एकच. जावयानं अंड्यांचा उपटला, मयताचा खोवला, आन् अंड्यांची पेटी उचलून भाईर ओट्यावर ठेवली. दिवस थंडीचे.

मी मयतापाशी. नवी विधवा, उठायची सोय न्हाई. दोन्ही अंगाला दोन बाया धरून बसलेल्या.

मी म्हणलं, "त्या अंड्यांचा प्लग लावा कुणीतरी."

नणंद म्हणली, "काय वैनी, मयतापाशी अंड्याचं नाव घेता?"

"अगं, पिल्लं हायेत आत. जित्ती."

"ध्यानावर न्हाई वैनी. पाणी पाजा तिला."

उठाय लागले तर खांदे दाबून बसवलं. जावयाला हाक मारली तर बाया म्हणल्या, बघा, लेकीच्या काळजीनं जावयाला बोलावती. जितकं मी अंडी अंडी केलं, तितक्या त्या गळ्यात पडून रडल्या.
किती जीव हो नवऱ्यावर, म्हणल्या. पार भ्रमिष्ट झाली.

मी सोडून समद्या रडल्या.

दुसऱ्या दिवशी लेक आला. मयत उचललं. बाया अंघोळीला पांगल्या तवा मला ओट्यावर जाता आलं.

सुतळी सोडली. माझीच गाठ.

गार. गोट्यासारखी.

मंग मी बी खाली बसले आन् एकेक फोडलं. त्यांच्यावाणी.

समदी भरलेली होती. पिसं, नखं, चोच. पापुद्रा कुठंच सुकला न्हाई. एकानं तर कवच फोडून चोच भाईर काढल्ती. तशीच राह्यली, उघडी.

परसात पुरली. सांजेला कुत्र्यानं उकरून खाल्ली.

जावईबापू, वाचत असाल तर लाइक करा.

नात इचारती, "आज्जी, शेवटी भावपूर्ण श्रद्धांजली टाकू का?"

ते लोक टाकतील. तू माझं लिही.

अवो, ऐका. फोडून पाह्यलं मी. ह्या खेपेला तुमचं काहीच चुकलं नव्हतं.

कोंबडी मधीच उठून जाती म्हणायचा ना?
ती बरी. दाणे टिपून परत येऊन बसती.

बरं. नमस्कार घ्या माझा.