चौदा नावांची खोली

"खोलीत माणसं सात की चौदा? मुलगी चौदा लिहिते, गाईड सात लिहितात. मी कुणाचं खरं मानू?"

मुंबईहून आलेल्या परीक्षकांनी संगीताचा अहवाल टेबलावर आपटला. गाईड म्हणजे मी, भिवंडीतल्या कॉलेजात भूगोलाचा लेक्चरर. ऐंशीचं दशक संपत आलं होतं.

टीवायबीएला भूगोल हा मुख्य विषय घेतला की पेपरांबरोबर नागरी भूगोलाचं फील्डवर्क सक्तीचं असे. नागरी भूगोल म्हणजे शहर कसं वाढतं, माणसं कुठे राहतात, कुठे राबतात याचा अभ्यास. एक मोहल्ला घ्यायचा, नकाशा काढायचा, घरोघर फॉर्म भरायचे, अहवाल लिहायचा, वर तोंडी परीक्षा. यात नापास झालं की पेपरांत कितीही मार्क असोत, डिग्री नाही. वर्ष गेलंच.

संगीता भिवंडीजवळच्या राहनाळची. वडील नळखात्यात कामाला. घरातली पहिली ग्रॅज्युएट होणार होती. सर्व्हेअरच्या नोकरीसाठी तिची निवडसुद्धा झाली होती. पास झाल्याचा दाखला तेवढा द्यायचा होता.

नियमाप्रमाणे गाईडने काही घरं स्वतः तपासायची आणि फॉर्मवर आकडा टाकून सही करायची. मी गेलो होतो. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, राबणाऱ्या कामगारांच्या त्या खोलीत सात जण झोपलेले दिसले, सात लिहिले. संगीताच्या यादीशी ताडून बघायचं राहून गेलं. आळस, दुसरं काय!

"दहा बाय दहाच्या खोलीत चौदा माणसं?" परीक्षक म्हणाले. "हे घरी बसून लिहिलंय." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मला वाटलं, पोरगी रडणार. ती भडकली.

"सर, तुमी तपासायला कधी गेलतात?" प्रश्न मला होता.

"रविवारी. सुट्टीचे सगळे घरी सापडतील म्हणून."

"रविवारी लूम चालू असतात, सर! इथली सुट्टी शुक्रवारी. तुमाला दिसले ते रातपाळीवाले. दिवसपाळीचे सात जण ड्युटीवर होते. एकाच अंथरुणावर आळीपाळीनं झोपतात ते."

सात वर्षं मी ठाण्याहून या गावात येत होतो. शुक्रवारी खडखडाट थांबतो हे माझ्या कानांना पाठ होतं. फॉर्म तपासताना डोक्यात मात्र आलं नाही. भयंकर लाज वाटली.

"आता सांगायला काय जातंय?" परीक्षक म्हणाले. "पुरावा?"

"आज वार कुठला, सर?" संगीताने विचारलं.

शुक्रवार! मी खुर्चीतून उडालोच. "चला, रिक्षा करू!"

"अहो, तोंडी परीक्षा चालू आहे."

"ती कॉलेजातच घ्यावी असं नियमात कुठाय?" मी ठोकून दिलं. नियम मी वाचलेला नव्हता.

तिघं रिक्षात दाटीवाटीने बसलो. संगीता ड्रायव्हरला वळणं सांगत होती. मी त्याला "जोरात घ्या" म्हणत होतो, जणू डिग्री मलाच मिळायची होती.

खोलीचं दार सताड उघडं. कुणी दाढी करतोय, कुणी कणीक मळतोय, रेडिओ चालू. परीक्षकांनी उंबऱ्यात उभं राहून यादी वाचायला घेतली. पहिल्या नावाला आतून आवाज आला, "हाजिर!" मग सगळ्यांना मजाच वाटायला लागली. दहा झाले, अकरा झाले. तेरावा माळ्यावरून उतरला.

"रामसूरत?"

संगीताने माझ्याकडे पाहिलं. मी माळ्यावर डोकावलो, वर कुणी उरलं नव्हतं.

"नल पे है, साब," कणीक मळणारा म्हणाला आणि ओरडला, "अरे रामसूरत! तेरा नाम पुकारते हैं!"

अंगभर साबण लावलेला रामसूरत धावत आला. "क्या हुआ, साब? कोई गलती?"

"कुछ नहीं, चाचा," संगीता म्हणाली, "गिनती पूरी हुई." मी चक्क टाळ्या वाजवल्या.

परीक्षकांनी ओट्यावर बसूनच मार्क भरले. वर्गात सगळ्यांत जास्त. मग माझा पडताळणीचा कागद काढला, त्यावर आडवी रेघ मारली आणि माझ्या हातात दिला.

"सर, मुलगी पास. तुमचं फील्डवर्क रिपीट."

संगीता नोकरीवर रुजू झाली. मी पुढचे चार शुक्रवार घरं तपासत हिंडलो. माणसं मोजायला जायचं तर त्यांची सुट्टी बघून जावं, आपली नव्हे.