ज्वारीच्या पानातला लगाम

आमच्या औरादच्या शाळेत फोन मुख्याध्यापकांच्या खोलीत आहे आणि तो माझ्यासाठी कधीच वाजत नाही. त्या दिवशी वाजला. गुलबर्ग्याहून कुणीतरी कन्नडमध्ये बोलत होतं, "निम्म अण्णा..." तुमचा भाऊ, एवढं म्हणून ते थांबलं. सकाळी माझ्या भावाच्या खोलीचं दार उघडलं नव्हतं, शेवटी शेजाऱ्यांनी ते उघडवलं तेव्हा तो गेलेला होता, हे सगळं नंतर कळलं. मी फोन ठेवला, वर्गात परत गेले, फळ्यावर अर्धं राहिलेलं गणित पूर्ण केलं, आणि मग गुलबर्ग्याला निघाले. आता त्याच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रमही होऊन गेला, ठाणाकुशनूरहून आलेले चुलतभाऊ परतले. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

अण्णा गुलबर्ग्याच्या कॉलेजात जीवरसायन शिकवायचा. आमच्या वस्तीतून एवढं शिकलेला तो पहिलाच, पण तो नेमकं करतो काय हे गावाला कधी नीट कळलं नाही. कुणी विचारलं की आई ठसक्यात सांगायची, "ज्वारीच्या पानाचं औषध काढायलाय." अण्णानं तिला कधी दुरुस्त केलं नाही. ज्वारीच्या पानात एक एन्झाइम असतं, हवेतला कार्बन पकडून पिकाचं पोषण सुरू करणारं. त्या कामातून पुढं एक आम्ल तयार होतं, आणि ते फार साचलं की तेच मागं येऊन एन्झाइमला लगाम घालतं. हा लगाम बसतो कुठं आणि लागतो कसा, एवढ्या एका गोष्टीच्या मागं अण्णा वर्षानुवर्षं होता. मला कळावं म्हणून एका सुट्टीत त्यानं मला बाजेच्या उशाकडं बसवलं, स्वतः पायथ्याशी गेला आणि तिथली दोरी सगळा जोर लावून ओढली. माझ्याखालची वीण ताणली आणि मी वर उचलले गेले.

"शांते, तुला हात लावलो का मी?"

"न्हाई."

"मग वर कामून आलीस?"

"तू तिकडं वढलास की!"

"हेच करतंय ते एन्झाइम. काम एका जाग्याला, लगाम दुसऱ्याच जाग्याला. मधी सगळी वीण. तिकडं कुणी धरलं की इकडं आकार बदलतंय."

त्याचं एन्झाइम चार तुकड्यांचं, तुकडे एकमेकांत अडकलेले. एक हलला की बाकीच्यांना गप्प बसता येत नाही, असं काय काय तो सांगत सुटला. त्या नादात दोरी परत बांधायची राहिली आणि जेवणानंतर आई त्या बाजेतून जवळजवळ जमिनीला टेकली.

पण बाजेवर दाखवणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. एकदा कॉलेजच्या प्रयोगशाळेत पानं वाटून रस काढून ठेवला आणि वीज गेली, फ्रीज दिवसभर बंद. मी नेमकी तिथंच होते. त्याची विद्यार्थिनी रस मोरीत ओतायला निघाली होती, अण्णा म्हणाला, थांब, आधी तपासू. रस काम करत होता, अगदी व्यवस्थित. फक्त वरून आम्ल घातलं तरी मंद होईना... काम करायची जागा शाबूत होती, ऐकायची जागा तेवढी ढिली पडली होती. दोन्ही जागा वेगळ्या आहेत हे त्या बिघडलेल्या रसानंच सांगितलं. घरी येऊन त्यानं विमलवैनीला, म्हणजे त्याच्या बायकोला, तेच तेच पुन्हा सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "व्हय, कळलं. कान गेले, हात ऱ्हायले. जेवा आता." तिच्याइतकं थोडक्यात मला आजही सांगता येत नाही.

मग वैनीच गेली, चार दिवसांच्या तापात.

त्यानंतरचा अण्णा मला आठवायला नको वाटतो. कॉलेज चुकलं नाही, तास चुकला नाही, सदरा इस्त्रीचा. पण समोर बसलेलं माणूस त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. मी लग्न केलं नाही, त्यांना मूल झालं नाही. आम्ही दोघंच उरलो होतो. मी दर खेपेला म्हणायची, औरादला चल, दोन खोल्या आहेत, बोलायला आपली भाषा आहे. तो खिडकीबाहेर बघायचा. एकदा मी चिडले. "अण्णा, तू त्या बिघडल्या रसासारखा व्हायलास. काम करायलास, पण कुणाचं ऐकूच येईना तुला." तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "व्हय की." परतताना हुमनाबादला बस बदलायला उतरले आणि लॉऱ्यांच्या गोंगाटात मोठ्यानं रडून घेतलं. माझं काहीतरी त्याच्यापर्यंत पोचतं का, एवढंच मला हवं होतं... आणि आता ते विचारायची सोयही उरली नाही.

मागच्या आठवड्यात त्याची खोली आवरायला गेले. रविवारची सकाळ होती. ज्यांनी दार उघडवलं त्या शेजारच्या मुसलमान मावशी, खाला, माझ्या सोबतीला येऊन बसल्या होत्या. तेवढ्यात त्यांची शेळी सरळ आत आली आणि स्टोव्हपाशी जाऊन उभी राहिली. मी हुसकायला उठले तशा खाला ओशाळल्या.

"रहने दो बहन, उसकी आदत है. हर सनीचर को सर दो रोट्याँ ज्यादा बनाते थे, तुम आइंगे बोल को. तुम नै आये तो इतवार को इसको डालते थे."

शनिवारी आमची शाळा अर्धी असते. जमेल तेव्हा मी न कळवता जायची. गेले की ताटात भाकरी तयार असायची आणि मला वाटायचं, वैनी जाऊन एवढे दिवस झाले तरी याला एकट्यापुरतं करता येत नाही.

खाला गेल्यावर मी पिठाचा डबा शोधला. तळाशी पीठ होतं. दोन भाकरी थापल्या. एक शेळीला घातली. दुसरी घेऊन तिथंच भिंतीशी बसले, आणि रिकाम्या खोलीला म्हणाले, "अण्णा, आले मी."