ब्लॉग माझा, बोलावणं मंदाकाकूंचं

मंडळी, वर्षभर मी आमच्या मिरची-मसाल्याच्या धंद्याचा ब्लॉग लिहितोय. वाचणारे कोण? बायको, साडू आणि मी.

म्हणून दोन महिन्यांपूर्वी फेसबुक पेज काढलं. आमच्याकडे मिरची निवडणाऱ्या मंदाकाकूंचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ टाकला. त्यात काकू दरडावतात, "ओली मिरचीना देठ तोडू नको वं बाई, बुरशी लागी जाई!" असं का होतं, ते सविस्तर ब्लॉगवर होतंच. खाली त्याची लिंक दिली.

आज दुपारी म्हसावदच्या एक ताई नंदुरबारला दुकानात आल्या. घरासाठी वर्षाची मिरची आणून त्या ओल्या मिरचीचेच देठ खुडत बसल्या होत्या. व्हिडिओ पाहून हात थांबला, मग ब्लॉग शेवटपर्यंत वाचला. उरलेली निम्मी मिरची देठासकट वाळवली, ती टिकली.

मी फुशारून म्हणालो, "तो ब्लॉग मीच लिहितो, ताई."

"चांगला शे भाऊ. पन ती काकू कोठे शे?"

मी आत बोट दाखवलं. ताई सरळ जाऊन काकूंशेजारी बसल्या आणि गप्पा मारता मारता मिरची निवडू लागल्या.

माझं पक्कं ठरलंय. लिहायचं मी, बोलवायचं काकूंनी. दुकानदार मंडळी, तुमच्या दुकानात गिऱ्हाईक खरं कुणाचं ऐकतं? पेजवर मात्र फोटो तुमचाच आहे ना?