आसावरीताईंचा नवा गळा

तळेगावात गाणं शिकायचं तर आसावरीताईंकडंच, असं वर्षानुवर्षं चालत आलं होतं. मग थायरॉइडचं ऑपरेशन झालं. दुखणं गेलं, पण आवाज गेला तो गेलाच. सा लावायला जावं तर नुसती घरघर. ताईंनी क्लास बंद केला, तानपुऱ्यावर गवसणी चढवली. भेटायला येणारा प्रत्येक जण गोड आवाजात म्हणायचा, "आता आराम करा." ताई मान हलवायच्या आणि आतून जळायच्या.

त्यांचा जुना विद्यार्थी श्रीयश आंबीच्या कारखान्यात इंजिनिअर. रविवारी दोन मित्रांबरोबर तो एका पत्र्याच्या शेडमध्ये पंक रॉक वाजवायचा. एकदा तो आग्रह करून ताईंना घेऊन गेला.

तीनच कॉर्ड, भन्नाट वेग आणि आरडाओरडा. पत्रा थरथरत होता.

"अरे, सूर कुठं आहे यात?"

"सूर चुकला तर चालतो, ताई. मनात नसलेलं म्हटलेलं चालत नाही."

"आणि एवढं ओरडायचं कशाला?"

"ज्याचं कुणी ऐकत नाही, तो हळू कसा बोलेल?"

 ताई उठून माइकपाशी गेल्या. "वाजवा तेच. थांबू नका."

आधी त्यांनी भेटायला येणाऱ्यांच्या त्या गोड बोलण्याची नक्कल केली, "आराम करा हं!" मग त्याच फाटक्या गळ्यानं गर्जना केली, "आराम करा! आराम करा!"

ड्रमवरचा विकास कार्ला गावचा. तो ओरडला, "लय भारी, मावशी! परत म्हना!"

पुढं लोणावळ्यात या तिघांचा कार्यक्रम झाला, त्यात ताई सुती साडी आणि स्पोर्ट्स शूज घालून उभ्या राहिल्या. गाणं संपताच त्यांची सगळ्यात जुनी शिष्या माधवी पुढं आली. तिचे डोळे भरले होते. "ताई, गळ्याचं हे काय केलंत?"

"आहे तसा वापरला," ताई म्हणाल्या.

माधवीनं टाळ्या वाजवल्या नाहीत, पण दुसऱ्या गाण्याला ती थांबली.

डॉक्टर रागावले, म्हणून ताई आता कार्यक्रमात दोनच गाणी म्हणतात. क्लास पुन्हा सुरू झालाय. नव्या मुलांना त्या आधी विचारतात, "तुला राग कशाचा येतो?" परवा एक मुलगी म्हणाली, "पाहुण्यांसमोर गायला लावतात त्याचा." सध्या दोघी मिळून त्यावरच गाणं बसवताहेत.